गुड फ्रायडेचा वार खरोखरच चुकला आहे काय?

ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपासकाळ सुरू झाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे असे की येशू ख्रिस्ताला शुक्रवारी नव्हे, तर बुधवारी क्रूसावर खिळले. ‘तीन दिवस व तीन रात्री’ शुक्रवारपासून मोजल्यास भरत नाहीत. मृत्यूनंतर लागलेला शब्बाथ (यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, एरवी शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत) शनिवारचा नसून सणाचा होता. स्त्रियांनी सुगंधद्रव्ये विकत घेतली ती दोन शब्बाथांच्या मधल्या दिवशी. आणि शुक्रवार हा चौथ्या शतकातील रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनच्या काळात चर्चने ठरवून टाकलेला वार आहे. हे मत नवे नाही. गेल्या शतकात अमेरिकेत हर्बर्ट आर्मस्ट्राँग यांच्या पंथाने त्याचा हिरिरीने प्रचार केला होता.

यांतला पहिला मुद्दाच काय तो वजनदार आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकात (१२:४०), येशू माशाच्या पोटात राहिलेल्या योना संदेष्ट्याचा दाखला देऊन आपल्या कबरेतल्या काळाविषयी ‘तीन दिवस व तीन रात्री’ असे म्हणतो, आणि शुक्रवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या पहाटेपर्यंत रात्री दोनच होतात, हे मान्यच केले पाहिजे. प्रश्न एवढाच की हा शब्दप्रयोग ७२ तासांचा हिशोब आहे काय. एस्तेर राणी यहुद्यांना आपल्यासाठी तीन दिवस, रात्रंदिवस, उपास करायला सांगते आणि ‘तिसऱ्या दिवशी’ राजापुढे जाऊन उभी राहते. चौथा दिवस उजाडण्याची वाट ती पाहत नाही. दिवसाचा अंश हा पूर्ण दिवस धरण्याची ही रीत आपल्याला तरी परकी वाटू नये, कारण पाच दिवसांच्या गणपतीचे आपण १२० तास मोजत नाही. मत्तयही पुढे (२७:६३-६४) हीच मोजणी वापरतो : ‘तीन दिवसांनंतर मी उठेन’ हे येशूचे बोलणे रोमन सुभेदार पिलाताला सांगणारे याजक पहारा मागतात तो ‘तिसऱ्या दिवसापर्यंत’. ७२ तासांचा आग्रह धरणाऱ्यांची खरी अडचण लूकच्या शुभवर्तमानात आहे. अम्माऊस गावाच्या वाटेवर, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, दोन शिष्य म्हणतात की या गोष्टी घडल्याला आज तिसरा दिवस आहे (२४:२१). बुधवारपासून मोजले तर रविवार कोणत्याही रीतीने तिसरा ठरत नाही.

सणाच्या शब्बाथाचा मुद्दा योहानाच्या शुभवर्तमानातील एका वाक्यावर उभा आहे : तो शब्बाथ ‘मोठा दिवस’ होता (१९:३१). वल्हांडण या यहुदी सणाला जोडून येणाऱ्या बेखमीर भाकरीच्या सणाचा पहिला दिवस विश्रांतीचा असे, हे खरेच आहे. परंतु तो दिवस नेहमीच्या शब्बाथावरच आला तर त्या शब्बाथाला ‘मोठा’ म्हणणे अधिकच स्वाभाविक आहे. शुभवर्तमानकार मार्क तर संदिग्धतेला जागाच ठेवत नाही. पूर्वतयारीचा दिवस म्हणजे शब्बाथाचा आदला दिवस, असा खुलासा तो स्वतःच करतो (१५:४२). पुढचे वर्णनही घाईचेच आहे : संध्याकाळ झालेली, अरिमथाईकर योसेफ धीर करून पिलाताकडे जातो, येशू इतक्यात मेला याचे पिलाताला नवल वाटते, तो शताधिपतीला बोलावून खात्री करून घेतो, मग कुठे योसेफ तागाचे वस्त्र विकत आणून देह खाली काढतो. वल्हांडणाचे भोजन आदल्या रात्री झाले होते की त्या संध्याकाळी होणार होते, याविषयी योहान आणि इतर तिघे शुभवर्तमानकार यांच्यात फरक दिसतो आणि त्यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. तो वाद मात्र महिन्याच्या तिथीचा आहे, वाराचा नव्हे.

सुगंधद्रव्यांचा युक्तिवाद वरवर चतुर आहे. मार्क म्हणतो की स्त्रियांनी ती शब्बाथ संपल्यावर विकत घेतली (१६:१), लूक म्हणतो की त्यांनी ती शब्बाथाआधी तयार केली (२३:५६). म्हणून मध्ये कामाचा एक शुक्रवार हवा, असे हे म्हणणे. दोन लेखकांच्या तपशिलातील फरक मिटवण्यासाठी आठवड्यात एक दिवस घुसडण्याची गरज नाही. काही द्रव्ये आधी तयार करून उरलेली शनिवारी सूर्यास्तानंतर घेतली, असेही वाचता येते. शिवाय शुक्रवार खरोखरच मोकळा असता, तर देहाला सुगंधद्रव्ये लावायला निघालेल्या या स्त्रिया त्याच दिवशी कबरेकडे का गेल्या नाहीत? मजकूर यावर गप्प आहे.

कॉन्स्टंटाईनचा आरोप सर्वांत पोकळ आहे. इ. स. १५५च्या सुमारास, म्हणजे कॉन्स्टंटाईनने भरवलेल्या निकेयाच्या चर्च-परिषदेच्या (इ. स. ३२५) सुमारे १७० वर्षे आधी, जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोमन सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या समर्थनात नोंदवले आहे की ख्रिस्ताला शनिवारच्या आदल्या दिवशी क्रूसावर दिले आणि शनिवारच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो शिष्यांना दिसला. त्याहून जुन्या ‘दिदाखे’ या ख्रिस्ती शिकवणीच्या लेखात बुधवार आणि शुक्रवार असे दोन उपास सांगितले आहेत. त्यांतला बुधवारचा उपास पुढे येशूचा शिष्य यहूदा याने केलेल्या विश्वासघाताशी जोडला गेला, मृत्यूशी नव्हे. निकेयापुढे प्रश्न होता तो पुनरुत्थानाचा सण कोणत्या रविवारी पाळायचा हा, आणि त्याआधी आशिया मायनर आणि रोम यांच्यात वाद झाला तो निसान या यहुदी महिन्याची चौदावी तिथी (वल्हांडणाची) धरायची की रविवार धरायचा यावर.