माळ्यावरचा सर्व्हर बंद करणार नाही

आज दुपारी भाचा लॅपटॉप घेऊन आला, तोंड एवढंसं करून. वाढदिवसाच्या पैशातून त्याने लष्करी शूटर गेम घेतला होता. आज उघडला तर पडद्यावर एक ओळ: ऑनलाइन सेवा कायमची बंद करण्यात आली आहे. गेम हार्डडिस्कवर जागा अडवून बसलाय आणि मेनूच्या पुढे सरकत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर कॉमेंटमध्ये तिची वकिली करायला कुणीतरी उगवेल.

पोरगं मला विचारतंय, "मामा, पैसे परत मिळतात का?" काय सांगू त्याला?

आपल्या पिढीला हे सांगावं लागत नाही. सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक 1.6 हा बंदुकीचा गेम खेळायचो तेव्हा सर्व्हर, म्हणजे सगळे ज्याला जोडून एकत्र खेळतात ते मशीन, कोपऱ्यातला एक पीसी असायचा. सर्व्हरचा प्रोग्रॅम ज्याला हवा त्याला मिळायचा, चालवायचा आणि आयपी, म्हणजे त्या पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता, मित्रांना सांगायचा. कंपनी जगली काय, मेली काय, डस्ट 2 च्या मैदानात आपली मारामारी चालूच.

माझ्या माळ्यावरचा डबा, म्हणजे माझा असाच सर्व्हर, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय. ऑफिसातून भंगारात निघालेला जुना डेल कॉम्प्युटर, त्यावर डेबियन लिनक्स, शेजारी यूपीएस. बायको त्याला 'तुझी दुसरी' म्हणते. तो डबा कशासाठी आहे हे मला 2019 च्या पुरात कळलं.

ऑगस्टचा तो आठवडा कोल्हापुरात कुणी विसरलेलं नाही. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, नळाला पाणी नाही, दूध-पेट्रोलला रांगा. शाहूपुरीतल्या मित्राच्या घरात पाणी शिरलं, म्हणून ते सगळे आमच्याकडे राजारामपुरीत आले. सोबत त्याचे वडील. सुभेदारकाका, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. घर पाण्यात सोडून आलेला माणूस, कुणाशी बोलेना. नुसता खिडकीत बसून.

इंटरनेट मेलेलं. लाईट आली की इन्व्हर्टर भरून घ्यायचा, गेली की पुरवून वापरायचा. पोरं कंटाळली म्हणून मी डब्यावर ऑपरेशन फ्लॅशपॉइंट चढवला. 2001 चा गेम, प्रागच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हचा. 1985 सालची काल्पनिक बेटं, अमेरिकन विरुद्ध सोव्हिएत. कुठल्याही रद्दड लॅपटॉपवर चालतो. राउटरला केबली जोडल्या आणि बसलो खेळत. यात एक गोळी नीट लागली की माणूस गेला. आपोआप बरं होणं वगैरे लाड नाहीत. झुडपातून कोण मारतंय ते दिसतसुद्धा नाही. आम्ही धडाधड मरत होतो.

मागून आवाज आला, "आरं, एकामागं एक काय चाललाय? वरात हाय व्हय? पांगा की!"

काका खुर्ची ओढून मागे बसले. "माथ्यावर उभा राहू नगंस, आभाळावर उठून दिसतोस." "एकानं फायर द्यायचा, दुसऱ्यानं फुडं सरकायचं." माउसला त्यांनी हात लावला नाही. पण रात्रीपर्यंत आम्ही ती टेकडी घेतली आणि काका जेवताना पहिल्यांदा दोन घास जास्त जेवले.

हे कंपनीच्या सर्व्हरवर झालं असतं का? लॉगिनलाच अडकलो असतो.

आणि हे आजचं दुखणं नाही. 2009 साली मॉडर्न वॉरफेअर 2 या युद्धाच्या गेमने पीसीवाल्यांचे डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे खेळणाऱ्यांनी स्वतः चालवायचे सर्व्हर, काढून टाकले. लोकांनी बहिष्काराचे ग्रुप काढले, आणि रिलीजच्या दिवशी त्याच ग्रुपातले कितीतरी जण तोच गेम खेळताना दिसले. आपणच असले नेभळट! 2014 साली खेळणाऱ्यांना सर्व्हर शोधून देणारी गेमस्पाय ही सेवा बंद पडली आणि बॅटलफील्ड 2 या गेमची अधिकृत सर्व्हर-यादीच गेली. मग चाहत्यांनी स्वतःची सोय उभारली. सर्व्हरचा प्रोग्रॅम लोकांच्या हातात होता म्हणून ते जमलं. मार्च 2024 च्या अखेरीस युबिसॉफ्टने द क्रू हा रेसिंगचा गेम बंद केला, तो तर एकट्यानेही खेळता येईना. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबवाल्याने विकलेले गेम असे मारू नका म्हणून मोहीम सुरू केली आणि युरोपातल्या तशाच मागणीच्या अर्जावर 2025 च्या जुलैत सह्या 10 लाखांच्या पुढे गेल्या. आपल्याकडे? आपल्याकडे "जाऊ दे रे, नवीन घे."

मान्य आहे, कंपनीने जन्मभर सर्व्हर पोसावेत असं कुणी म्हणणार नाही. नका पोसू. जाताना तो प्रोग्रॅम तेवढा ठेवून जा, आम्ही पोसतो. "त्यात बाहेरच्या कंपन्यांचे लायसन असतात, इतकं सोपं नसतं" हे मला सांगू नका. गेम बनवायला घेतानाच ठरवलं तर होतं.

घरी सर्व्हर चालवणं सोपं आहे असंही नाही. आपल्याकडच्या ब्रॉडबँडवाल्यांनी गिऱ्हाइकांना सीजीनॅटमागे कोंबलंय, म्हणजे एका पब्लिक आयपीमागे शेकडो घरं. पोर्ट म्हणजे बाहेरच्यांना आत यायचं दार, ते उघडून काय डोंबल होणार? माझ्या कनेक्शनवाल्याला स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा न बदलणारा पत्ता, मागितला तर विचारतो, "सीसीटीव्हीसाठी का?" हो म्हटलं. गेमचा सर्व्हर म्हटलं असतं तर अजून फेऱ्या मारत बसलो असतो. मग जादा पैसे भरून फ्लॅशपॉइंटचा 2302 पोर्ट उघडला आणि पुण्यातले, दुबईतले आपले लोक शनिवारी रात्री आत यायला लागले. लाईटबिलावरून घरात बोलणी बसतात ती वेगळी. बसू देत.

काही जण म्हणतील, पोरांना बंदुकीचे खेळ कशाला? बरोबर असेल. पण ज्याने खरी बंदूक उचलली तो माणूस माझ्या घरात बसून पोरांना सांगत होता, "हितं मेलास तर परत उठतोस, म्हणून असला भेदरट पळतोस." त्यानंतर पोरं जरा शांत खेळायला लागली. चौकशा करायला लागली. काकांनी कधी न सांगितलेलं बरंच काही मित्राने स्वतः त्या पुरात पहिल्यांदा ऐकलं. जाऊ दे, ते इथे लिहायचं नाही.

राग थोडा उतरलाय. भाच्याच्या लॅपटॉपवर फ्लॅशपॉइंट टाकून दिलाय. आता तो आर्मा: कोल्ड वॉर असॉल्ट या नावाने मिळतो. पहिल्याच मोहिमेत चार वेळा मेला आणि "ग्राफिक्स लई बेकार" म्हणाला. तरी अजून उठलेला नाही.

रविवारी संध्याकाळी माझ्याकडे बसू. लॅपटॉप आणि लॅन केबल आपापली आणा, वायफायवाल्याला आत घेणार नाही. चहा घरचा, मिसळ ज्याची त्याने.