यू ऑलराईट देअर?

पबचं नाव सांगत नाही. इंग्लंडमधल्या एव्हबरीपासून गाडीने दहा मिनिटं, बाहेर फुलांच्या कुंड्या टांगलेल्या, आणि रविवारी दुपारी मी तिथे आईसकट अर्धा-पाऊण तास उपाशी होतो. एवढं पुरे.

आईला "टीव्हीत दाखवतात तसलं खेडं" बघायचं होतं म्हणून विल्टशरमधलं एव्हबरी. स्टोनहेंजला, म्हणजे त्याच भागातल्या प्रसिद्ध दगडी वर्तुळाला, भरपूर पैसे मोजून दोरीच्या अलीकडून बघायचं, इथे सरळ दगडाला पाठ टेकून बसा, फक्त बसण्याआधी मेंढ्यांच्या लेंड्या बघा. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचं उभ्या दगडांचं वर्तुळ, आणि एवढं मोठं की गावातली बरीचशी घरं, हमरस्ता आणि एक पब त्याच्या पोटात. आईने दोन-चार दगडांना फेरी मारली आणि म्हणाली, "एवढे मोठे दगड आणि एकालाही शेंदूर नाही?" शेंदूर कसला, १७व्या-१८व्या शतकात गावकऱ्यांनी आगीवर तापवून वर गार पाणी ओतून हे दगड फोडले आणि घरं बांधली! मग १९३० च्या दशकात अलेक्झांडर कीलर नावाच्या मार्मलेडवाल्या घराण्यातल्या श्रीमंताने न फोडता नुसतेच गाडले गेलेले दगड उकरून परत उभे केले. १९३८ मध्ये त्यातल्या एकाखाली माणसाचा सांगाडा सापडला, सोबत कात्री आणि १४व्या शतकातली नाणी. न्हावी असावा म्हणतात. तो तिथे का थांबला होता याबद्दल आता माझं स्वतःचं मत आहे, ते पुढे येईलच.

सेंट जेम्स चर्चमध्ये आईने सवयीने दारात चपला काढल्या आणि त्या बर्फासारख्या फरशीवर मोजे घालून फिरली. तिथे वर एक लाकडी गॅलरी आहे, १६व्या शतकात असल्या गॅलऱ्या मोडायच्या ठरल्या तेव्हा इथल्या लोकांनी ती भिंतीआड लपवली आणि ती १९व्या शतकात सापडली. "आपल्याकडे मूर्ती विहिरीत लपवायचे तसंच की," आई म्हणाली. तिला चर्च आवडलं. आणि भूक लागली.

तर पब. आम्ही टेबल पकडलं आणि वाट बघत बसलो. कोणी येईना. माझ्या मते चूक इथेच झाली, पण मला सांगा, हॉटेलात गेल्यावर माणूस बसतो ना? सहा वर्षं या देशात आहे, पबात ऑफिसच्या लोकांबरोबर भरपूर गेलो, पण ऑर्डर कायम दुसऱ्यानेच दिलेली. शेजारी एक आजोबा, पायाशी म्हातारा लॅब्रॅडोर. ते म्हणाले, "यंग मॅन (मी त्रेचाळीस), इथे टेबलावर कोणी येत नाही." मग बारवर गेलो. या देशात पोस्टात रांग, बसला रांग, टॉयलेटला रांग, बारवर मात्र रांग नाही. म्हणजे आहे, पण लोकांच्या डोक्यात. तेवढ्यात बारमागची मुलगी हसून म्हणाली, "यू ऑलराईट देअर?"

मी म्हटलं, "येस येस, व्हेरी वेल, थँक्यू!"

ती गोड हसली आणि माझ्या नंतर आलेल्या माणसाला बिअर दिली.

पाच मिनिटांनी परत तेच. यावेळी मी जरा मोकळेपणाने सांगितलं, मी बरा आहे, आई भारतातून आलीय, तिचे गुडघे दुखतात, पण एकंदरीत मजेत. "ऑ, लव्हली," म्हणून तिने पुढच्या बाईला वाईन दिली. तिसऱ्या खेपेला मीच घाईघाईने मेनू पुढे केला तर म्हणे किचन अडीचला बंद झालं. सॉरी. तुम्ही सांगायचं होतं ना.

आजोबांनी सगळं बघितलं होतं. मी येऊन बसल्यावर ते अगदी हळू आवाजात, घरात कोणी गेल्यासारखं म्हणाले, "ती तुमची तब्येत विचारत नव्हती. काय हवंय, ते विचारत होती."

"मग खरंच तब्येत विचारायची असेल तर काय म्हणतात?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला. बराच वेळ विचार केला. कुत्र्याकडे बघितलं.

"विचारत नाहीत," ते म्हणाले.

मग मला धीर द्यायला म्हणून त्यांनी पहिलं महायुद्ध काढलं. १९१५ च्या सुमारास दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून सरकारने पब दुपारी बंद ठेवायला लावले, आणि युद्ध संपलं तरी ते १९८८ पर्यंत चाललं, रविवारी तर १९९५ पर्यंत. "त्या काळी अडीचला तुम्हाला बाहेरच काढलं असतं," ते आनंदाने म्हणाले, आणि ताटातला शेवटचा सॉसेज कुत्र्याला दिला. कुत्र्याला पाण्याचं भांडंही होतं. न मागता.

हसू येतं, पण खरं सांगू, राग गेलेला नाही. ५० पौंड भरून इथे कायम राहण्यासाठी लागणारी 'लाईफ इन द यूके'ची परीक्षा दिली, आठव्या हेन्री राजाच्या सहा बायका पाठ केल्या, त्यात हे कुठेच नव्हतं. आणि आपल्याला डावलून शेजारच्याला ग्लास मिळतो तेव्हा ते त्या 'ऑलराईट'मुळे की आपल्या रंगामुळे, हे तिथल्या तिथे कळत नाही. आजोबा नसते तर मी तो संशय घेऊनच घरी आलो असतो, आणि अशा वेळी दरवेळी कुठे आजोबा असतात. तो न्हावीसुद्धा, मला वाटतं, कोणीतरी ऑर्डर घ्यायला येईल म्हणूनच दगडाखाली बसला होता.

शेवटी चिप्सची दोन पाकिटं मिळाली. सिलबरी हिलसमोर गाडीत बसून फोडली. माणसांनी रचलेली जवळजवळ ४० मीटर उंच टेकडी. आईने विचारलं आत काय आहे. म्हटलं, १७७६, १८४९ आणि १९६८, तीनदा खणलं, ना राजा ना खजिना.

"मग आधी कोणाला तरी विचारायचं," आई म्हणाली. तिने एक चिप तोंडात टाकली, सॉल्ट अँड व्हिनेगर, आणि तोंड वाकडं केलं.

"आंबल्यात रे ह्या. तारीख बघ."