खुलासा : ईरी कालव्याआधीही कुटुंबं ओहायोत पोहोचत होती
'1825 साली ईरी कालवा खुला होईपर्यंत अमेरिकेच्या अंतर्भागात कुटुंबांना जाताच येत नव्हतं, तो मुलूख निर्जन होता,' असा मेसेज फिरतोय. (ईरी कालवा म्हणजे न्यूयॉर्क राज्यातून हडसन नदी आणि ईरी सरोवर जोडणारा जलमार्ग.) हे चुकीचं आहे. याच अंतर्भागातलं ओहायो 1803 मध्येच अमेरिकेचं राज्य झालं आणि 1820 च्या जनगणनेत तिथे 5 लाख 81 हजारांवर लोक नोंदले गेले. त्याआधी शॉनीसारखे मूळनिवासी तिथे राहतच होते. 'निर्जन' हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो.

मग जायचे कसे? पूर्वेकडून अ‍ॅपलाचियन डोंगर ओलांडून पिट्सबर्गजवळ यायचं, तिथे सपाट तळाची लाकडी नाव घ्यायची आणि गुरंढोरं, पेटारे, पोरंबाळं घेऊन ओहायो नदीच्या प्रवाहासोबत खाली जायचं. उलट जाणं जवळपास अशक्य, म्हणून पोहोचल्यावर बरेचजण नाव मोडून त्याच फळ्या घरासाठी वापरत. ओहायोच्या दक्षिणेला असलेल्या केंटकीला जाणारे बरेचजण याच डोंगरांतल्या कंबरलँड खिंडीतून जात. 1796 पर्यंत त्या वाटेवर गाडी चालत नसे, सामान घोड्यांच्या पाठीवर लादून माणसं चालत. न्यूयॉर्कच्या पश्चिमेकडे कित्येकजण मुद्दाम हिवाळ्यात निघत, कारण चिखलापेक्षा गोठलेल्या बर्फावर घसरगाडी सहज जाते.

कालव्याने प्रवास आणि मालवाहतूक स्वस्त केली, हे खरंच. पण वाट आधीपासून होती. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे ही दुरुस्ती टाका.