अर्जदारास मुदत मिळावी

लॉच्या शेवटच्या वर्षाला मूट कोर्टचा, म्हणजे लुटुपुटूच्या खटल्याचा, 100 मार्कांचा प्रॅक्टिकल पेपर असतो, त्यातले 30 मार्क कोर्टात बसून दोन खटले बघितल्याचे. आमच्या वर्गात झाडून सगळ्यांनी तेच दोन खटले बघितले, कारण खटल्यांची टिपणं लिहायची वही, म्हणजे जर्नल, एकच होतं, वरच्या बॅचकडून आलेलं, आणि त्यांना ते त्यांच्या वरच्यांकडून. त्यातला खुनाचा आरोपी एव्हाना जन्मठेप भोगून घरी नातवंडं खेळवत असणार. मूटमध्ये मात्र आपण जोरात हां, राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीचा केशवानंद भारती खटला, 1973, 13 न्यायाधीश, 7 विरुद्ध 6, सगळं तोंडपाठ. बक्षीस पण मिळालं.

मग सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आली. तालुक्याच्या कोर्टात पहिल्याच दिवशी सीनियर म्हणाले, "त्या बांधाच्या दाव्यात मुदत घे, मी आलोच." म्हणजे पुढची तारीख मागायची, एवढंच काम. सीपीसी, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर 17, एका पक्षाला तीनपेक्षा जास्त मुदती नाहीत, हे मला पाठ. फाईल उघडून मोजायला लागलो, अकराव्या मुदत अर्जाशी मोजणं सोडून दिलं.

अर्ज टाईप करायला बाहेर झाडाखाली गेलो. टाईपिस्टकाका म्हणाले, "वर मे. टाकू ना?" मी म्हटलं, काका, जुलै चालूये. मे. म्हणजे मेहेरबान हे पाच वर्षांत एकाही सरांनी सांगितलं नव्हतं हो! मग अर्जावर लावायचं कोर्ट फीचं तिकीट, तर स्टॅम्पवाला जेवायला गेलेला, तो आला तर समोरच्या वकिलांची सही राहिली, ते बार रूममध्ये कॅरम खेळत होते आणि क्वीन कव्हर झाल्याशिवाय सही करणार नव्हते.

धावत कोर्टात पोचतो तोच पुकारा. शिपाई नावं अशी पुकारतो की खुद्द अशिलाला स्वतःचं नाव कळत नाही. उभा राहिलो आणि सवयीने तोंडातून निघालं, "माय लॉर्ड, मे इट प्लीज..."

साहेबांनी मान वर केली. "काय पाहिजे?"

"मुदत."

"कारण?"

कारण अर्जात लिहायचंच राहिलेलं. घाबरून खरं बोललो, "सीनियर चहाला गेलेत."

अर्ज मंजूर, 200 रुपये खर्चासह. खर्च माझ्याच खिशातून, पगार अर्थातच शून्य.

परवा कॉलेजची एक ज्युनियर विचारत होती, "दादा, जर्नल आहे का तुझं?" दिलं. फक्त सांगितलं, खुनाचं जुनं आयपीसीचं कलम 302 खोडून नव्या न्याय संहितेचं 103 कर, आणि खुनाची तारीख 1 जुलै 2024 च्या पुढची टाक, नाहीतर व्हायवाला अडकशील. म्हणजे आजोबांना आता परत नव्याने खून करावा लागणार.