सीझरचा सूट

लेकीची सहामाही तोंडावर आली आणि आमच्या घरात रोज रात्री साडेनऊला, जेवणाचं टेबल पुसून झालं की, ज्युलियस सीझरचा खून होऊ लागला. लेक आयसीएसईच्या शाळेत, अभ्यासाला शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' हे नाटक. मी मराठी माध्यमाचा. शेक्सपिअरशी माझी ओळख लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाइतकी, म्हणजे नाव माहीत आणि पुढे विषय नाही. तरी 'इंग्रजी बाबा घेतील' हे बायकोनं परस्पर जाहीर करून टाकलं. मी दिवसभर ऑफिसात इंग्रजीत ईमेल लिहितो, एवढाच तिचा पुरावा.

पहिल्याच रात्री तिसऱ्या अंकातली एक ओळ आली. ‘व्हेअर इज मेटेलस सिंबर? लेट हिम गो, अँड प्रेझेंटली प्रिफर हिज सूट टू सीझर.’ एक शब्द अडला नाही! मला वाटलं, उगीच बाऊ करतात लोक. मी बेधडक अर्थ सांगितला, "मेटेलस कुठंय? जाऊ दे त्याला. सध्या त्याला सीझरपेक्षा स्वतःचा सूट जास्त आवडतो."

लेक जरा वेळ पानाकडे बघत राहिली. "पण बाबा, ते लोक अंगाभोवती टोगा गुंडाळायचे ना?"

"म्हणून तर सूटचं कौतुक," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पा बळवंत चौक गाठला. दुकानदाराला नुसतं 'सीझर' म्हटल्यावर त्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि न विचारता वेगळीच प्रत काढली. डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर आजची सोपी इंग्रजी. आमच्या वेळी गाईड पाठ्यपुस्तकात लपवून न्यावं लागायचं. इथं त्याला समोरचं अख्खं पान सन्मानानं दिलेलं.

उजव्या पानानं माझी अब्रू काढली. तेव्हाचं 'प्रेझेंटली' म्हणजे ताबडतोब, 'प्रिफर' म्हणजे सादर करणे आणि 'सूट' म्हणजे अर्ज. मेटेलसनं पुढे होऊन लगेच सीझरकडे अर्ज सादर करावा, एवढंच. त्याच्या भावाला हद्दपार केलेलं, त्याच्या माफीचा अर्ज. त्या निमित्तानं सगळे कटवाले सीझरभोवती गर्दी करतात आणि पहिला वार होतो. आपल्याकडे कचेरीत अर्ज करणाऱ्याचा जीव जातो, तिथं अर्ज घेणाऱ्याचा गेला, हाच काय तो फरक.

तेव्हा मला कळलं की शेक्सपिअरमध्ये अवघड शब्दांचं भय नाही. ते दिसतात, माणूस कोश उघडतो. दगा देतात ते ओळखीचे चेहरे. पहिल्याच प्रवेशात एक अधिकारी मोच्याला 'नॉटी' म्हणतो. मी लाडात 'खट्याळ' सांगून मोकळा झालो होतो. पण नॉट म्हणजे शून्य, आणि हा माणूस शून्य लायकीचा, नालायक. चारशे वर्षांत त्या शब्दाचा राग एवढा उतरला की आता तो दोन वर्षांच्या पोरांना वापरतात.

तर उजवं पान हा देवमाणूस निघाला. आठवड्यात सगळं कळायला लागलं आणि तिथंच घोटाळा झाला. सीझरचा मित्र अँटनी त्याच्या प्रेतापाशी उभा राहून लोकांकडे त्यांचे कान उसने मागतो. उजवीकडे तो नुसतं 'माझ्याकडे लक्ष द्या' म्हणतो. म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला उठले. डावीकडे ‘द ईव्हिल दॅट मेन डू लिव्ह्ज आफ्टर देम’ ही ओळ मी टेबलावर बोटं आपटत म्हणून पाहिली. दहा अक्षरं, एक हलकं एक जड, ओवीसारखी जात्याबरोबर फिरते. उजवीकडे जातं बंद, पीठ मात्र तयार.

लेकीला पीठच हवं होतं. "डावं पान वाचायचंच कशाला?" तिचा प्रश्न रास्त होता, पण परीक्षेत उतारे येतात डाव्या पानावरचे. हा वाद काही आमच्याच टेबलावरचा नाही. २०१५ साली अमेरिकेतल्या ओरेगन शेक्सपिअर फेस्टिव्हलनं ३६ नाटककारांना ३९ नाटकं आजच्या इंग्रजीत आणायला सांगितली, तेव्हा तिकडच्या जाणकारांनीही चांगलाच आरडाओरडा केला होता. इंग्रजीतून इंग्रजीत भाषांतर! आपलं बरं. देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोला सरळ झुंझारराव करून रंगभूमीवर उभा केला, डावं-उजवं काही ठेवलंच नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा तो मोची आला. धंदा विचारल्यावर म्हणतो, मी बिघडलेले 'सोल' दुरुस्त करतो. सोल म्हणजे जोड्याचा तळ आणि सोल म्हणजे आत्मा. उजव्या पानानं विनोद नीट उलगडून दाखवला. बेडूक चिरून दाखवावा तसा. लेकीनं गंभीरपणे अधोरेखित केलं, 'पन', म्हणजे श्लेष, असं समासात लिहिलं आणि विचारलं, "यात हसायचं कुठं?"

मी 'तळ', 'आत्मा', 'तळागाळातला आत्मा' असं काहीबाही पुटपुटत राहिलो. तिकडे आई वाती वळत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "कोण आहे तो?"

"मोची आहे, आई. अधिकाऱ्याची टिंगल करतोय."

"मग त्यानं म्हणावं, साहेब, मी लोकांची तळमळ घालवतो."

लेकीला आधी कळलं. तळ, मळ... ती एवढी हसली की पाण्याचा ग्लास डाव्या पानावर लवंडला, आणि रोमच्या पहिल्या रस्त्यावर पूर आला. मी फडकं घेऊन धावलो. आई वाती मोजत होती. हसू ओसरल्यावर लेकीनं ओलं पान फुंकरीनं वाळवत विचारलं, "आजी, पण हे उद्या पेपरात इंग्रजीत कसं लिहू?"