वॉटसन सरकार पडलं ते दोन मतांनी

एक मेसेज पुन्हा फिरतोय: ‘१९०४ साली ऑस्ट्रेलियात जगातलं पहिलं कामगार सरकार आलं. छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस पंतप्रधान झाला. चार महिन्यांत कारभार कोलमडला आणि जनतेनं हाकलून दिलं. राज्य करणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे!’

ख्रिस वॉटसन कंपोझिटर होते हे खरं. पंतप्रधान झाले तेव्हा वय ३७.

‘पहिलं’ म्हणाल तर देशपातळीवर पहिलं. त्याआधी, डिसेंबर १८९९ मध्ये, क्वीन्सलँड वसाहतीत अँडरसन डॉसन यांचं कामगार सरकार जेमतेम आठवडाभर टिकलं होतं. हेच डॉसन वॉटसनकडे संरक्षणमंत्री झाले.

जनतेनं हाकललं? मध्ये निवडणूकच झाली नाही, मग हाकललं कधी? १९०६ साली झाली, तेव्हा मजूर पक्षाच्या जागा उलट वाढल्या.

खरी भानगड आकड्यांची होती. संघराज्य होऊन तीनच वर्षं झालेली, ७५ जणांचं सभागृह, आणि तीन पक्ष जवळपास सारख्याच ताकदीचे. तीन संघ मैदानात उतरवून क्रिकेट कसं खेळायचं, असं आधीचे पंतप्रधान डीकिन म्हणायचे. त्यांचं सरकार औद्योगिक लवादाच्या (मालक-कामगारांचे तंटे सोडवण्याच्या) विधेयकावरच गेलं होतं. वॉटसनही त्यातच अडकले. नोकरी देताना युनियनच्या सभासदांना प्राधान्य द्यायचं, या कलमाला विरोधकांनी अट घालून ठेवली. त्याचा फेरविचार व्हावा म्हणून सरकारनं मतदान घेतलं: बाजूनं ३४, विरोधात ३६. वॉटसननी निवडणूक मागितली. गव्हर्नर-जनरल लॉर्ड नॉर्थकोट (१९०३ पर्यंत आपल्या मुंबई इलाख्याचे गव्हर्नर) नाही म्हणाले. वॉटसननी राजीनामा दिला.

राहिला कारभार. अल्पमतात फार काही होणार नव्हतंच, तरी राजधानीच्या जागेचा कायदा झाला, डॅलगेटी गाव ठरलं. (पुढे ते बदलून कॅनबेरा आलं.) आठ जणांच्या त्या मंत्रिमंडळातले फिशर आणि ह्यूज नंतर पंतप्रधान झाले. ॲटर्नी-जनरल हिगिन्स, जे मजूर पक्षाचे नव्हतेच, त्यांनी १९०७ साली लवाद न्यायालयात अकुशल कामगाराला दिवसाला किमान ७ शिलिंग ठरवून दिले. येरागबाळे म्हणे!

वॉटसनवर टीकाच करायची तर मेसेजवाल्यानं १९०१ कडे बघायला हवं होतं. आशिया-आफ्रिकेच्या लोकांना देशात सरसकट बंदी घाला, अशी दुरुस्ती याच वॉटसननी संसदेत मांडली होती. त्यात आपणही आलो.