अँटिबायोटिक थांबवायचं कुणी?

आज सकाळी कामावर गेले तर हॉस्पिटलच्या दारातच भलंमोठं पोस्टर. १८ ते २४ नोव्हेंबर हा आठवडा जगभर औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंबद्दल जागृतीसाठी पाळतात, त्यानिमित्त लावलेलं. मजकूर काय, तर रुग्णांनी मनाने अँटिबायोटिक घेऊ नये, उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नयेत, कोर्स अर्धवट सोडू नये. सगळं रुग्णांनी. हॉस्पिटलने काय करावं, याबद्दल एक ओळ नाही.

डोकंच फिरलं. दिवसभर लॅबमध्ये जंतू वाढवलेल्या प्लेट्स वाचत होते, तरी ते पोस्टर डोळ्यांपुढून हलेना. म्हणून लिहायला बसलेय. माझ्या मित्रयादीतले निम्मेअधिक तुम्ही डॉक्टर, नर्स, फार्मसीवाले आहात. पेशंटचं भलं व्हावं यावर आपल्यात वाद नाही, त्यामुळे प्रस्तावना करत बसत नाही.

माझ्या काकांना लघवीच्या संसर्गाने हुडहुडी भरून ताप आला होता. वय सत्तरीच्या पुढे, बीपी घसरलेलं. रात्री ॲडमिट केलं (आमच्याकडे नाही, दुसरीकडे), रक्ताचं आणि लघवीचं कल्चर (कुठला जंतू आहे आणि त्याला कुठलं औषध लागू पडेल याची तपासणी) पाठवलं आणि लगेच मेरोपेनेम, म्हणजे बहुतेक जंतूंना मारणारं मोठं अँटिबायोटिक, चालू केलं. अगदी बरोबर केलं. त्या रात्रीच्या रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) मुलीने काकांचा जीव वाचवला, असं मी आजही म्हणते.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. ई. कोलाय हा जंतू. साध्यातल्या साध्या औषधांना सेन्सिटिव्ह, म्हणजे त्यांनी मरणारा, तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनासुद्धा. ताप उतरला होता, काका उशीला टेकून पेपर वाचत होते. मी फाईल उघडली. रिपोर्ट नीट पंच करून लावलेला. त्याच्या मागच्याच पानावर ड्रग चार्ट, आणि त्यावर मेरोपेनेमपुढे दर आठ तासांनी एक सही. म्हणजे उत्तर आणि चूक एकाच फाईलमध्ये पाठीला पाठ लावून होती. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "सर राउंडला बघतील." सर आले. म्हणाले, "बरं वाटतंय ना काका? मग चालू दे की."

चालू दे की. या एका वाक्यावर माझा सगळा राग आहे.

कारण औषध सुरू करताना चार माणसं विचार करतात. थांबवायची वेळ येते तेव्हा तिथे कुणीच नसतं. ते कुणाचं काम आहे हे ठरलेलंच नसतं. रेसिडेंटला वाटतं सरांनी सांगावं, सरांना वाटतं पेशंट सुधारतोय तर हात कशाला लावा, सिस्टर बिचारी चार्टवर आहे ते देते, फार्मसी मागणी आली की बाटली वर पाठवते. आणि आम्ही लॅबवाले रिपोर्ट पाठवून मोकळे. फोन केला तर "हो मॅडम, पाहिलाय" असं सांगतात. पाहिला असेलही. पाहून काय केलं?

मेरोपेनेम आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंचाही सुपडा साफ करतं. मागे उरतात ते त्याला दाद न देणारे, आणि मोकळ्या जागेत तेच माजतात. बरं, हे जंतू आपली ताकद स्वतःपुरती ठेवत नाहीत. प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवरून ती शेजारच्या वेगळ्याच जातीच्या जंतूला देऊन टाकतात. मग हातांवरून, कॅथेटरच्या नळीवरून, बेडच्या कठड्यावरून ते पुढच्या पेशंटपर्यंत जातात. त्या पुढच्या पेशंटने आयुष्यात कधी मनाने गोळी घेतलेली नसते. त्याने कुठलाही कोर्स अर्धवट सोडलेला नसतो. त्याला तुम्ही कुठलं पोस्टर दाखवणार?

२०१९ या एका वर्षात जगात साधारण १२ लाख ७० हजार माणसं थेट अशा जंतूंमुळे गेली, असा अंदाज आहे. माझ्यापुरतं ते असं दिसतं: सकाळी प्लेट उघडायची, तिच्यावर औषधाच्या चकत्या ठेवलेल्या असतात. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो. हल्ली काही प्लेट्सवर गोलच नसतो. जंतूंचा थर चकतीच्या अगदी कडेपर्यंत येऊन भिडलेला. एक चकती, दुसरी, मेरोपेनेमची, सगळ्यांपर्यंत. मग वॉर्डला फोन करून सांगायचं की कोलिस्टिनचं बघा. १९४०च्या दशकाच्या शेवटी सापडलेलं, किडनीला त्रास देतं म्हणून जवळजवळ अडगळीत टाकलेलं औषध. आज ते शेवटचा आधार म्हणून काढावं लागतंय. फोनवर पलीकडे रेसिडेंट क्षणभर काही बोलत नाही, आणि मलाही पुढे काय बोलावं सुचत नाही.

सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, थांबून चालत नाही, मान्य. रिपोर्टची वाट बघत बसलात तर पेशंट जाईल, तिथे पहिल्या तासात मोठं औषध द्यायलाच हवं. माझा शब्द पहिल्या डोसबद्दल नाहीच. तिसऱ्या दिवसानंतरच्या डोसबद्दल आहे.

आणि सर्जरीवाल्यांनो, तुम्हीही सुटत नाही. चिरा देण्याआधी तासाभरात एक डोस, ऑपरेशन लांबलं किंवा रक्तस्राव फार झाला तर मध्ये आणखी एक. बहुतेक ऑपरेशनांना एवढं पुरतं. ऑपरेशननंतर प्रतिबंध म्हणून तो लांबवू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच स्पष्ट लिहिलंय. तरी टाके काढेपर्यंत, जखमेतली ड्रेनची नळी असेपर्यंत, "उगाच रिस्क नको" म्हणून पाच-पाच दिवस चालूच. रिस्क कुणाची? जखम शिवून झाल्यावर दिलेले ते डोस जखमेला काही देत नाहीत, जंतूंना मात्र शिकवून जातात.

काकांचं पुढे काय झालं ते सांगते. मेरोपेनेम चालूच राहिलं. नवव्या दिवशी जुलाब सुरू झाले. साधे नाहीत, दिवसात दहा-बारा वेळा, पोट फुगलेलं, पुन्हा ताप. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल नावाचा जंतू. आतड्यातले राखणदार जंतू मेले की हा डोकं वर काढतो. लघवीचा संसर्ग कधीच बरा झाला होता. आता त्याच्या औषधाने केलेल्या आजारावर औषध चालू झालं. स्वतःच्या पायांनी पेपर आणायला जाणारा माणूस, त्याला काकू आणि मी दोन्ही बाजूंनी धरून बाथरूममध्ये नेत होतो. त्यांना फार लाज वाटायची. काकूंनी मला विचारलं, "अगं, ताप तर तिसऱ्याच दिवशी गेला होता ना?" काय सांगणार मी त्यांना?

रेसिडेंट मुलांवर मात्र मला चिडता येत नाही. खरंच नाही. रात्रभर जागलेलं पोर, अंगावर वीस-पंचवीस पेशंट, त्याने सरांनी लिहिलेलं औषध स्वतःच्या जबाबदारीवर बंद करायचं? उद्या ताप परत आला तर बोलणी त्यालाच बसणार. चालू ठेवल्याबद्दल मात्र आजवर कुणाला बोलणी बसलेली मी पाहिली नाहीत. म्हणूनच हे एकेकट्याच्या हिमतीवर सोडून चालणार नाही, हॉस्पिटलनेच नियम करायला हवा.

आणि नियमात काही अवघड नाही. औषध सुरू करतानाच चार्टवर लिहायचं, कशासाठी देतोय आणि फेरविचार कधी. ४८ ते ७२ तासांत ठरलेल्या माणसाने रिपोर्ट हातात घेऊन ठरवायचं: थांबवायचं, साधं औषध द्यायचं, सलाईनवरून गोळीवर आणायचं, की आहे तेच ठेवायचं. तेच ठेवायचं असेल तर का, ते एका ओळीत. इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांना २०११ पासून हेच सांगितलं गेलंय, यात नवीन मी काहीच सांगत नाहीये.

किती दिवस द्यायचं याबद्दल तर आता पळवाटच उरलेली नाही. रक्तात जंतू गेलेल्या साडेतीन हजारांहून जास्त पेशंटवर बॅलन्स नावाची चाचणी झाली, निकाल २०२४ मध्ये आला. सात दिवस दिलेले चौदा दिवसवाल्यांपेक्षा कुठेच मागे नव्हते. स्टॅफ ऑरियस नावाचा जंतू किंवा हृदयाच्या झडपेचा संसर्ग असेल तर गोष्ट वेगळी, ते त्यात धरलेच नव्हते. पण बाकीच्यांना चौदा दिवस कशाला? सवय म्हणून?

पेनिसिलिनच्या ॲलर्जीचंही तेच. लहानपणी कधीतरी अंगावर पुरळ उठलं, कुणीतरी फाईलवर लाल पेनने ॲलर्जी लिहिलं, आणि तो माणूस जन्मभर मोठ्या औषधांवर. नीट तपासलं तर अशा दहातल्या नऊ जणांना पेनिसिलिन चालतं. विचारायला पाच मिनिटं लागतात, काय झालं होतं, कधी, किती वेळाने.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये या औषधांचे ॲक्सेस (आधी वापरायची साधी), वॉच (जपून वापरायची) आणि रिझर्व्ह (शेवटचा आधार म्हणून राखून ठेवायची) असे तीन गट करून दिले. मेरोपेनेम वॉचमध्ये, कोलिस्टिन रिझर्व्हमध्ये. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सगळ्या देशांनी मान्य केलं की २०३० पर्यंत माणसांसाठी वापरल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक्सपैकी किमान ७० टक्के ॲक्सेस गटातली असावीत. ते काय पेशंटच्या घरातल्या उरलेल्या गोळ्यांनी होणार आहे? वॉच आणि रिझर्व्हची कुलपं आपल्या वॉर्डांत उघडतात.

तर प्रशासनातल्या मित्रांनो, पोस्टर राहू दे, त्यातलं खोटं काहीच नाही. पण वॉर्डात येऊन पेशंटची औषधं तपासणारा एक क्लिनिकल फार्मासिस्ट नेमा आणि त्याच्या शब्दाला वजन द्या. तो म्हणाला की हे थांबवा, तर सरांना "नाही" म्हणायची मुभा असू दे, फक्त कारण लिहून. लॅबमधल्या माणसाला आठवड्यातून दोनदा राउंडला घ्या, मी स्वतः यायला तयार आहे, ड्युटी संपल्यावरसुद्धा. कोणत्या वॉर्डात मेरोपेनेम किती गेलं याचा आकडा दर महिन्याला त्या वॉर्डाच्या प्रमुखांसमोर ठेवा. पुढच्या मीटिंगला हे तिन्ही मुद्दे मी लेखी देणार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी इनबॉक्समध्ये नाव कळवा.